गाडी कुठे लावलीत?

बुधवार पेठेत ओळखीचं माणूस भेटलं, तर ते तब्येत विचारत नाही, "गाडी कुठे लावलीत?" असं विचारतं. या प्रश्नात आपुलकी कमी आणि टेहळणी जास्त असते. जागा सांगितलीत की ती गेली. पुढच्या खेपेला तिथे त्याची गाडी दिसेल, आणि वर "तुमच्यामुळे फार सोय झाली हो" असे आभारही पदरात पडतील. म्हणून मुरलेला पुणेकर "आहे जरा तिकडे" असं पुटपुटत हात तपकीर गल्लीकडे हलवतो. गाडी असते अप्पा बळवंत चौकाकडे. पगार, रक्तातली साखर आणि जावयाचे अवगुण मोकळेपणाने सांगणारी माणसं या एकाच बाबतीत कमालीची गुप्तता पाळतात.

त्याला कारण आहे. २०१८ साली पुण्यातल्या नोंदणीकृत वाहनांचा आकडा ३६ लाखांच्या पुढे गेला, आणि त्या वेळी शहराची लोकसंख्या होती साधारण ३५ लाख. म्हणजे पाळण्यातल्या बाळापासून अंथरुणाला खिळलेल्या आजोबांपर्यंत प्रत्येकाच्या नावावर एकेक गाडी केली, तरी लाखभर गाड्या उरतात. या उरलेल्या गाड्या कुठे ठेवत असतील, असा प्रश्न मला कधी पडला नाही. लक्ष्मी रस्त्याला गेलं की त्या दिसतात.

पेठेचा यात काही दोष नाही. ती वसली तेव्हा वाहनाला चार पाय होते आणि ते वाड्याच्या पागेत बांधायचा रिवाज होता. अप्पा बळवंत चौकाला ज्यांचं नाव आहे, ते अप्पा बळवंत मेहेंदळे म्हणजे पेशव्यांचे सरदार. आख्यायिका अशी की सवाई माधवरावांची स्वारी हत्तीवरून इथून चालली असता त्यांना घेरी आली, आणि तोल जाणाऱ्या पेशव्यांना अप्पा बळवंतांनी सावरलं. सगळे त्या सावरण्याचं कौतुक करतात. मला कौतुक वाटतं ते निराळ्याच गोष्टीचं. भर चौकात हत्ती उभा राहिला आणि मागून कुणी हॉर्न वाजवला नाही! आज त्याच चौकात मुलाचं गणिताचं पुस्तक घ्यायला स्कूटर थांबवून बघा. पुस्तकाचं नाव उच्चारायच्या आत मागचा रिक्षावाला तुमच्या सात पिढ्यांची नावं उच्चारतो.

त्यात रस्ते एकेरी. बाजीराव रस्ता दक्षिणेकडे वाहतो, शिवाजी रस्ता उत्तरेकडे. बाजीराव रस्त्यावर एखादी रिकामी फट दिसली आणि ब्रेक दाबायला क्षणभर उशीर झाला, तर ती फट पुन्हा पाहण्यासाठी खाली जाऊन, शिवाजी रस्त्याने वर येऊन, अख्ख्या पेठेला प्रदक्षिणा घालावी लागते. तोवर तिथे कुणीतरी स्कूटर आडवी लावून, हेल्मेट आरशाला अडकवून निघून गेलेलं असतं. या प्रदक्षिणेत श्रीमंत दगडूशेठ हलवाई गणपतीचं दर्शन मात्र रस्त्यावरूनच घडतं. उजवा हात अ‍ॅक्सिलरेटरवर गुंतलेला असल्यामुळे पुणेकर डाव्या हातानेच छातीला आणि ओठांना स्पर्श करतो, आणि बाप्पाही ते चालवून घेतो. माझं तर मत असं आहे की या शहरातली बरीचशी भाविकता पार्किंग न मिळण्यातून वाढलेली आहे.

रस्त्याच्या कडेला गाडी लावायची तर तिथे सम-विषमचा खेळ. सम तारखेला या अंगाला, विषम तारखेला त्या अंगाला. म्हणजे पेठेतले सहस्रबुद्धे आजोबा घरातून निघताना पंचांग बघायचे ते शुभ-अशुभासाठी. त्यांचा नातू कॅलेंडर बघतो ते गाडी डावीकडे लावायची की उजवीकडे, हे ठरवायला. या नियमात एकच दयेची जागा आहे. ३१ तारखेनंतर १ तारीख येते आणि दोन्ही विषम. त्या रात्री लावलेली गाडी दुसऱ्या दिवशीही कायदेशीर राहते. वर्षातून सात वेळा मिळणारी ही सवलत. लीप वर्षात आठवी. पुण्यात हा हिशेब तोंडपाठ असणारी माणसं आहेत, आणि त्यांना लग्नाचा वाढदिवस आठवत नाही.

तारीख चुकली की गाडी उचलली जाते. नाना पेठेत तर ऑगस्ट २०२१ मध्ये टोइंगवाल्यांच्या यंत्राने दुचाकी आणि तिच्यावर बसलेला स्वार असे दोघेही हवेत लटकले, आणि ते चित्रण सगळ्या महाराष्ट्राने मोबाइलवर पाहिलं. "गाडीपाशीच थांबा, मग उचलत नाहीत" हा पिढीजात सल्ला त्या दिवशी निकालात निघाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून महाराष्ट्रात चुकीच्या जागी गाडी लावण्याच्या गुन्ह्याला पहिल्या वेळी ५०० आणि पुढच्या वेळी १५०० रुपये दंड झाला. गाडी उचलून नेण्याची मजुरी वेगळी. आपल्याच गाडीच्या अपहरणाचं भाडं आपणच द्यायचं, वर त्यावर जीएसटी.

या भीतीच्या खतावर खासगी पार्किंगचं पीक येतं.

लक्ष्मी रस्त्यालगत एक चारमजली कापड दुकान आहे. नाव लिहीत नाही, कारण दिवाळीला पुन्हा तिथेच जायचं आहे. दुकानाच्या पोटात तळघर, तळघरात पार्किंग, आणि उतारावर पाटी: 'फक्त ग्राहकांसाठी. दुचाकी २० रु. प्रतितास. ५०० रु. च्या खरेदीवर पार्किंग मोफत. तिकीट हरवल्यास ५०० रु. दंड. वाहन मालकाच्या जबाबदारीवर.' एवढा मजकूर पाटीवर मावला, याचं कारण तो खाली खाली बारीक होत गेला होता. शेवटची ओळ वाचायला पाटीला नाक लावावं लागत होतं, आणि मागच्या गाड्या नाक लावू देत नव्हत्या.

"काका, पुढे घ्या. अजून पुढे. त्या खांबाला चिकटवा. हँडल लॉक करू नका."

"का हो?"

"मागची गाडी काढायला तुमची सरकवावी लागते."

"म्हणजे कुणीही माझी गाडी सरकवू शकतं?"

"कुणीही नाही काका. मीच."

"आणि गाडी गेली तर?"

पार्किंगवाल्याने उत्तर दिलं नाही. फक्त बोट पाटीच्या शेवटच्या ओळीकडे केलं. कुलूप लावायचं नाही हा नियम त्यांचा, आणि कुलूप नसल्याने होणाऱ्या परिणामांची जबाबदारी माझी. इतकी स्वच्छ वाटणी मी भावाभावांतही पाहिलेली नाही.

आम्हाला घ्यायचा होता साडीचा एक फॉल. तो साठ रुपयांना मिळाला. बाहेर पडणार तोच पत्नीच्या डोक्यात हिशेबाची वीज चमकली. "अहो, अजून चारशे चाळीसचं घेतलं तर पार्किंगचे वीस रुपये वाचतात!" या वाक्यात काहीतरी खटकतंय हे मला कळत होतं, पण नेमकं काय, ते सांगेपर्यंत दोन परकर, एक उशीचा अभ्रा आणि आमच्यापैकी कुणालाही न होणारी एक बंडी टेबलावर आली. वीस रुपये वाचवायला फक्त चारशे चाळीस लागले.

मग कळलं, तिकिटावर शिक्का लागतो. शिक्का तिसऱ्या मजल्यावर. तिसऱ्या मजल्यावरची मुलगी म्हणाली, "शिक्का साहेबांकडे असतो, आणि साहेब खाली गेलेत."

"कधी येतील?"

"सांगता येत नाही. त्यांची गाडी उचललीये."

"पण खाली एवढं पार्किंग आहे की!"

"ते फक्त ग्राहकांसाठी," ती म्हणाली.

साहेब आले, घाम पुसत शिक्का मारला, आम्ही तळघरात उतरलो. तेवढ्यात दुसरा तास लागला होता. "मोफत पहिला तास काका. दुसऱ्याचे वीस." मी पाटी पाहिली. तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. "लिहायला जागाच उरली नाही," तो म्हणाला, आणि ते खरं होतं. मागे रांगेतल्या चार जणांनी आपापले हॉर्न तपासून पाहिले. मी वीस रुपये दिले. पावती मागितली, तर त्याने मला माझंच तिकीट दाखवून ते स्वतःच्या खिशात घातलं.

आमच्या शेजारी नाना राहतात. निवृत्त वकील. त्यांना प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत; उत्तराला संध्याकाळ पडते.

"नाना, हे वीस रुपये घ्यायचा त्यांना अधिकार आहे का?"

"तू दिलेस?"

"दिले."

"मग आहे," नाना म्हणाले, आणि चहा आल्यावर तपशिलात शिरले.

गंमत अशी आहे की इमारतीचा नकाशा मंजूर होताना पार्किंगची जागा चटईक्षेत्रात मोजत नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून ती सक्तीने सोडायची, आणि सोडली म्हणून हिशेबातून वगळायची. म्हणजे महापालिकेच्या कागदावर ती जागा जागाच नसते. आपली गाडी आत शिरली की तिला एकदम तासाचा भाव येतो. याच मुद्द्यावरून जून २०१९ मध्ये पुणे महापालिकेच्या शहर सुधारणा समितीने मॉल आणि मल्टिप्लेक्समधलं पार्किंग मोफत असावं असा ठराव केला. पुढच्याच महिन्यात गुजरात उच्च न्यायालयानेही, मॉलना पार्किंगचे पैसे घेता येणार नाहीत, असं सांगितलं. त्याआधी, २०१० साली, मुंबईच्या एका सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बिल्डरांना बजावलं होतं की इमारतीखालचं पार्किंग तुम्हाला सुटं विकता येणार नाही. ती सगळ्यांची सामाईक जागा.

"मग पुण्यात त्या ठरावाचं काय झालं?" मी विचारलं.

"आज वीस रुपये कुणी दिले?" नानांनी विचारलं.

तिकीट हरवल्याच्या पाचशे रुपयांवर मात्र नाना खुलले. दंड करणं हे सरकारचं काम. दुकानदार फार तर कराराची भाषा करू शकतो. आणि १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ असं सांगतं की करारात एखादी रक्कम लिहिलेली असली, तरी ती फार तर कमाल मर्यादा. मिळते ती वाजवी भरपाई. "आता तू तिकीट हरवलंस तर दुकानाचं वाजवी नुकसान किती? दोन बोटं रुंद कागद. गाडी तुझी आहे हे आरसी बुक दाखवून सिद्ध झालं, की विषय संपला."

"आणि 'वाहन मालकाच्या जबाबदारीवर'?"

यावर नानांनी दिल्लीचा खटला काढला. १९९८ साली एका माणसाने तिथल्या ताजमहाल हॉटेलच्या दारात आपली मारुती झेन उभी केली आणि चावी हॉटेलच्या नोकराच्या हातात दिली. बाहेर येतो तो गाडी कुणी दुसराच घेऊन गेलेला. तिकिटावर 'मालकाच्या जबाबदारीवर' हा मंत्र छापलेला होताच. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सांगितलं की चावी ताब्यात घेऊन गाडी सांभाळायला घेतलीत, तर स्वतःच्या निष्काळजीपणावर त्या छापील ओळीचं पांघरूण घालता येणार नाही. न्याय मिळाला. फक्त एकवीस वर्षं लागली. तासाला वीस रुपयांनी त्या एकवीस वर्षांचं पार्किंग किती झालं असतं, हा हिशेब मी करायला घेतला आणि रक्तदाबाच्या गोळीची आठवण होऊन सोडून दिला.

आपल्याकडेच असं चालतं, अशी समजूत असेल तर तीही काढून टाका. माझा भाचा इंग्लंडात असतो. तिथे मोठ्या दुकानांच्या आवारात गाडी लावायला पहिले दोन-तीन तास पैसे पडत नाहीत. माणूस दिसत नाही, "पुढे घ्या काका" नाही. खांबावरचा कॅमेरा गाडीचा नंबर आत जाताना आणि बाहेर येताना टिपतो, आणि वेळ ओलांडली की घरी पाकीट येतं. त्याला ते आलं तेव्हा त्याने प्रथम आईला फोन केला, कारण पत्राची भाषा वाचून आपल्याला देशाबाहेर काढतायत असं त्याला वाटलं.

तिथे हे प्रकरण थेट वरच्या कोर्टात गेलेलं आहे. चिप्सचं दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थाने चेम्सफर्डच्या एका रिटेल पार्कमध्ये दोन तासांच्या मोफत मुदतीपेक्षा ५६ मिनिटं जास्त गाडी ठेवली. खासगी कंपनीने ८५ पौंड मागितले. गृहस्थ लढला. नोव्हेंबर २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की रक्कम योग्य आहे, द्या. कारण? पाट्या मोठ्या होत्या, ठळक होत्या, जागोजाग होत्या. पाटी वाचून गाडी लावलीत, म्हणजे करार केलात.

हे ऐकून माझी मान ताठ झाली. इंग्रजांच्या न्यायमूर्तींना २०१५ साली जे उमगलं, ते आमच्या पेठांतल्या घरमालकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पाटी हाच करार! 'गेटसमोर गाडी लावू नये. लावल्यास हवा सोडण्यात येईल.' यात काय नाही? अट आहे, मुदत शून्य आहे, भरपाईचं स्वरूप स्पष्ट आहे. कॅमेरा नाही, पाकीट नाही, अपील नाही. निकाल आणि अंमलबजावणी एकाच खिळ्याने. बिचाऱ्या कंपनीला ८५ पौंडांसाठी अडीच वर्षं झुंजावं लागलं. आमच्याकडच्या काकू भाजी फोडणीला टाकून येतात आणि दोन्ही चाकांचा निकाल लावून भाजी करपायच्या आत परत जातात. नाना मात्र या उत्साहावर पाणी ओततात. त्यांच्या मते दुसऱ्याच्या गाडीची हवा सोडायचा किंवा तिला साखळी घालायचा अधिकार कायद्याने कुठल्याही काकूंना दिलेला नाही. ते हे हळू आवाजात सांगतात, कारण त्यांच्याच गेटवर तशी पाटी आहे.

मग सरळ महापालिकेच्या वाहनतळावर का जाऊ नये? जावं. मंडईपाशी दोन मोठे आहेत. त्यांना हुतात्मा बाबू गेनू आणि सतीशशेठ मिसाळ अशी रीतसर नावं आहेत, पण पुणेकर म्हणतो, "मिनर्व्हाला लावली," नाहीतर "आर्यनला लावली." दोन्ही जागी पूर्वी चित्रपटगृहं होती. 'आर्यन' १९१५ साली सुरू झालेलं, म्हणजे पुण्यात सिनेमा दाखवणाऱ्यांतलं आद्य घराणं. जिथे आमच्या आजोबांनी तिकीट काढून मूकपट पाहिले, तिथे आम्ही तिकीट काढून गाडी लावतो. बोलपट मात्र अजून तिथे चालतो: 'पाटीवरचा दर आणि तुम्ही मागताय तो दर' या विषयावर, रोज अनेक खेळ. ठेकेदारांनी जादा पैसे घेतल्याच्या तक्रारी वर्तमानपत्रांत नेमाने येतात.

मार्च २०१८ मध्ये महापालिकेने रस्त्यावरच्या पार्किंगचं धोरणही मंजूर केलं. आंदोलनं झाली, दर कमी झाले, आधी पाचच रस्त्यांवर करून पाहू असं ठरलं. गाड्यांना जागा मिळायची राहिली. धोरणाला मात्र लगेच मिळाली. कपाटात.

आता मेट्रो आली आहे. २९ सप्टेंबर २०२४ पासून जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला. कसबा पेठ आणि मंडई अशी दोन स्थानकं बुधवाराच्या अगदी पायाशी आहेत. जमिनीखालून या, वर निघा, चालत जोगेश्वरीच्या दर्शनाला जा, तपकीर गल्लीत कपॅसिटर घ्या, पुन्हा खाली जा. ही बातमी मी सोसायटीच्या सभेत सांगितली तेव्हा सगळ्यांना फार आनंद झाला. मग एकाने हात वर केला आणि विचारलं, "आपल्या इकडच्या स्टेशनला पार्किंग आहे का?"

नानांच्या चहाला जागून शेवटी चार कामाच्या गोष्टी. पैसे देण्याआधी दराची पाटी मागा. पाटी नसेल तर पाटीचा फोटो मागा, म्हणजे निदान समोरचा गोंधळतो. पैसे दिलेत तर पावती घ्या, आणि तिच्यावर घेणाऱ्याचं नाव व रक्कम आहे का ते बघा. तिकिटाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे पाचशे रुपयांचा प्रसंग येणार नाही. दुकानाने पाटीवर नसलेले पैसे घेतले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तो 'आर्यन'च्या सालावरून लक्षात ठेवा. आणि वीस रुपयांसाठी काय भांडायचं असं वाटलं, तर एवढं ध्यानात घ्या की तळघरातल्या त्या माणसाचा सगळा धंदा तुम्हाला तसं वाटण्यावरच चाललेला आहे.

तेव्हा बुधवार पेठेत येताना खिशात सुटे वीस रुपये ठेवा, आणि ते न देण्याची हिंमतही ठेवा. दोन्हीपैकी एक घरी परत जाईल.